चालता दिवा

भाट्याच्या खाडीत शिरताना तांडेलाशिवाय, म्हणजे नाव चालवणाऱ्याशिवाय, कुणी तोंड उघडायचं नाही, हा खाडीकाठच्या त्या वाडीचा जुना रिवाज. बाहेर समुद्रात वाटेल तेवढी थट्टा करा, एकमेकांची सात कुळं उद्धारा. पण पुढं वाळूचा दांडा आला की विड्या विझवायच्या आणि गप बसायचं. एका नावेला एकच डोकं. दोन डोकी झाली की नाव वाळूवर, असं म्हातारे सांगायचे, आणि सांगताना काही माणसांची नावं घ्यायचे. ती माणसं आता फक्त त्या सांगण्यातच उरली होती.

या रिवाजानं काशीरामला आजवर मान दिला. या पौषात त्याच रिवाजाचं त्याला भय वाटायला लागलं.

काशीराम 'भागीरथी' नावेचा तांडेल. अडतीस वर्षं सुकाणू त्याच्या हाती. पावसाळा सरून समुद्र निवळला की वाडीतलं पहिलं काम त्याचं असे. होडक्यात बसून लांब बांबूनं खाडीचं तोंड चाचपायचं. वाळू काही एका जागी नांदत नाही, दर पावसाळ्यात बिऱ्हाड बदलते. यंदा दांडा कुठं आला, खोल पाणी कुठं उरलं ते बघायचं, आणि मग आपल्या खळ्यातला, म्हणजे अंगणातला, दिव्याचा खांब उपटून त्या अंदाजानं चार हात इकडं, दोन हात तिकडं रोवायचा. घर टेकडीच्या उतारावर. शहराचे दिवे लांब डाव्या अंगाला; या अंगाला नुसती कलमांची बाग आणि काळोख. त्या काळोखात हा एकच दिवा. घरी येताना नावेची नाळ, म्हणजे पुढचं टोक, त्या दिव्यावर धरायची आणि सरळ आत यायचं. उजवीकडे वाळू, डावीकडे खडक, मधून दिव्याची वाट. नावांवर मशीन आलं, ते माणूस कुठं आहे ते दाखवतं. पण यंदाची वाळू कुठं आहे हे त्या मशीनला कोण सांगणार? म्हणून वाडीतल्या सगळ्या नावा काशीरामच्याच दिव्यानं घरी यायच्या.

खांब रोवायचा त्यानं, दिवा लावायचा सावित्रीनं. तिच्या सासूच्या वेळी कंदील होता, आता बल्ब आला. पण बटण दाबताना सासूची ओवी रोज तिच्या ओठांवर येई:

चालतं चांदणं, त्याची धरू नये साथ
दारीचा गो दिवा, पुरे सगळी रात

चालतं चांदणं म्हणजे ग्रह. मुलगा अजिंक्य दहा वर्षांचा होता तेव्हा काशीरामनं त्याला नाळेवर बसवून हेच शिकवलं होतं. तारे जातात ते सगळे मिळून जातात, वऱ्हाडासारखे, कुणी कुणाचा हात सोडत नाही. ग्रह एकटा. आज या नक्षत्राच्या दारात, महिन्यानं त्या. ज्याला आपलंच घर नाही तो तुला घरी काय आणणार? ग्रहावर नाळ धरू नये.

आणि पाच दिवसांमागं त्यानं ग्रहावर नाळ धरली होती.

संध्याकाळ मावळत होती. टेकडीच्या खांद्यावर दिवा दिसला, पांढरा, ठसठशीत, भोवती पाण्यात तेल पडल्यासारखं रंगीत कडं. त्यानं नाळ दिव्यावर आणली. दिवा वायच वर गेला. त्याला वाटलं, लाट नावेला खाली घेऊन गेली. दिवा वायच उजवीकडं सरकला. त्यानं सुकाणू वळवलं. मग खालून आवाज आला, झोपेत कुणी दात खावेत तसा. भागीरथी एका कुशीवर कलंडली. काशीरामच्या वयाचा भिकाजी, त्याच्या बरोबरीनं दर्यात उतरलेला, इंजिनाच्या चौकटीवर आदळला आणि त्याचं मनगट मोडलं. अजिंक्यनं इंजिन उलटं फिरवलं, नशिबानं मागून मोठी लाट आली आणि तिनं नाव उचलून पाण्यात ठेवली. तेव्हा कुठं काशीरामला खाली, डावीकडं, आपल्या घरचा पिवळा दिवा दिसला. वरचा पांढरा तो गुरू होता. यंदा दिवस बुडायची आणि गुरू उगवायची वेळ एकच येत होती, आणि उगवायची जागाही नेमकी त्याच टेकडीवर.

सुकती जास्त होती, पाणीच नव्हतं, असं तो धक्क्यावर म्हणाला. तांडेल म्हणाला म्हणजे तसंच.

खरं कारण त्याच्या पानाच्या चंचीत होतं. दिवाळीत जाळ्याचा दोर आणायला म्हणून तो शहरात गेला होता आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. मोतीबिंदू असेल, कापून टाकतील, अशी त्याची समजूत. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती राखायची, रोज थेंब घाला. थेंबांची बाटली त्यानं चंचीत चुन्याच्या डबीशेजारी लपवली. तेव्हापासून तो रोज सकाळी एक डोळा झाकून मोजदाद करी: माडाची झावळी दिसते, विहिरीचा रहाट दिसतो, रहाटावरचा कावळा कालच्याइतका दिसत नाही.

शुक्रवारी समुद्रावर जायचं होतं. गुरुवारी दिवस कलताना खळ्यात जाळी सांधायला सगळे बसले होते. नात संस्कृती वही घेऊन मध्ये उभी राहिली. ती नववीत. शनिवारी शहरात शाळांची वादविवाद स्पर्धा होती आणि विषय होता, प्लूटोला पुन्हा ग्रह म्हणावं की नाही. बाईंनी तिला 'म्हणू नये' या बाजूला घातलं होतं, आणि तीच तिची अडचण. तिला प्लूटोची दया येत होती.

तिनं वाचून दाखवलं. एकोणीसशे तीसमध्ये तो सापडला. शहात्तर वर्षं पुस्तकात नववा ग्रह म्हणून होता. मग जगभरचे शास्त्रज्ञ एका शहरात जमले, ग्रह कशाला म्हणायचं त्याच्या तीन अटी ठरवल्या. सूर्याभोवती फिरला पाहिजे. गोल पाहिजे. आणि आपली वाट त्यानं स्वतः मोकळी केलेली पाहिजे, वाटेत दुसऱ्यांची गर्दी नको. तिसऱ्या अटीत प्लूटो नापास. त्यांनी हातात कार्ड धरून हात वर केले, मोजले, आणि प्लूटोला यादीतून काढलं.

भिकाजी प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे आपल्या मच्छी सोसायटीसारखंच झालं. राहू-केतूला तर धड शरीरच नाय, एक नुसतं मुंडकं नि एक धड, ते पत्रिकेत ग्रह म्हणून मिरवतात. आणि हा एवढा गोल गरगरीत, तो नाय?"

संस्कृती हसत म्हणाली की पूर्वी सूर्य-चंद्रसुद्धा ग्रहांतच धरायचे, आणि पृथ्वीला कुणी धरत नव्हतं. दोनशे वर्षांमागं सेरेस नावाचा एक सापडला, पन्नासेक वर्षं ग्रह म्हणून राहिला, मग त्यालाही काढलं. यादी कुणी खडकावर कोरलेली नसते. सावित्री म्हणाली, मग त्या मंगळाला आधी काढा, दोन पोरींची लग्नं अडवून बसलाय मेला. अजिंक्यचं म्हणणं, काय नाव द्यायचं ते द्या, वजन तेवढंच राहतं. बांगड्याला सुरमई म्हटलं म्हणून त्याचा भाव वाढत नाही. भिकाजीला ते पटेना. त्याचं म्हणणं, नावालाच मान असतो. तांडेलाला तांडेल म्हणायचं सोडा आणि बघा, त्याचं कोण ऐकतो ते.

काशीरामची सुई जाळ्यात थांबली होती.

"हात वर केले तेव्हा त्याला विचारलं होतं काय?" तो म्हणाला.

"कुणाला, आबा?"

"त्या प्लूटोला."

सगळे हसले. संस्कृती मात्र हसली नाही. "त्याला ठाऊकच नाही, आबा. तो अजून तसाच फिरतोय."

काशीरामनं सुई खाली ठेवली. तसाच फिरतोय. यादीतून नाव गेलेलं, आणि त्याला पत्ता नाही. त्यानं भोवतीच्या तोंडांकडे पाहिलं. कडेची तोंडं त्याला नीट दिसत नव्हती. मधलं तेवढं दिसे, बाजूला धूर. कुणास ठाऊक, त्या धुरात कुणी हात वर करून बसलेलंही असेल.

उठताना भिकाजी त्याच्याजवळ थांबला. बाकीचे पुढं गेले होते. त्यानं प्लास्टरवर टिचकी मारली.

"त्या दिवशी मी बघितलं होतं रे. नाळ गुरूवर होती. खाडीच्या तोंडावर बोलायचं नाय म्हणून नाय बोललो."

काशीरामनं चंची उघडली आणि परत बांधली.

"मी कुणाला सांगणार नाय," भिकाजी म्हणाला. "माझा हात जुळंल. पण बाळाची बायको पोटुशी हाय, आणि अजिंक्य तुझाच हाय. सांगायचं तर तू सांग."

बाळा हा भागीरथीवरचा चौथा गडी, जाळं ओढायला राक्षसासारखा, मान खाली घालून काम करणारा. तो काशीरामकडे बघायचा तेव्हा देवळात बघावं तसा बघायचा.

शुक्रवारी पहाटे चौघं निघाले. हात मोडलेला असूनही भिकाजी आला. म्हणाला, एक हात हाय ना. दिवसभर समुद्र तेलासारखा शांत होता आणि काशीरामला त्या शांतपणाचंच भय वाटत होतं. जाळ्यात बांगडा चांगला लागला. बाळा गुणगुणत होता. सगळ्या दिवसात काशीरामनं दहा वेळा तोंड उघडलं, आणि दहाही वेळा दुसरंच काहीतरी बोलला. डिझेल बघ. दोर आवर. पाणी दे. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? अडतीस वर्षं जे हात दुसऱ्यांना घरी आणत होते ते आता घर ओळखत नाहीत, हे कुठल्या शब्दांत सांगतात? त्याला वाटलं, आज एकदा निभावून नेऊ. आज नीट बघू. पिवळा तो आपला, पांढरा तो गुरू. एवढं तर कळतं.

सूर्य बुडाला आणि भागीरथी खाडीच्या तोंडाशी आली. भिकाजीनं विडी पाण्यात टाकली. बाळाचं गुणगुणणं थांबलं. इंजिनाची धडधड तेवढी उरली.

काशीरामनं वर पाहिलं. टेकडीवर दोन दिवे होते.

दोन्ही पांढरे होते. दोन्हींभोवती रंगीत कडी होती. एक वायच वर, एक वायच खाली. की एकच होता आणि डोळा त्याचे दोन करत होता? त्यानं एक डोळा मिटला, खालचा गेला. दुसरा मिटला, दोन्ही पुसट झाले. उजवीकडून वाळूवर लाटा फुटल्याचा आवाज आला, फस्स, आणि मग ओढ घेत परतताना सळसळ. आवाज जवळ होता. किती जवळ? डावीकडचे खडक तर आवाजही करत नव्हते. भरतीचं पाणी त्यांच्यावरून गुपचूप जात होतं.

त्यानं वाट पाहिली. कुणीतरी बोलेल. अजिंक्य बोलेल, बाबा, उजवीकडं जाताय. भिकाजी खोकेल तरी. कुणी बोललं नाही. तीन माणसं आपला जीव त्याच्या हातात ठेवून गप बसली होती, आणि तो गप्पपणा त्यानंच त्यांना शिकवला होता. त्याचे हात घामानं ओले झाले, सुकाणूचं लाकूड तळव्यात फिरायला लागलं. हे असेच बसतील, त्याच्या मनात आलं. नाव फुटेपर्यंत असेच बसतील. पाण्यात पडतानासुद्धा कुणी बोलणार नाही.

त्यानं डावा हात वर केला. इंजिन उतरव, वेग कमी कर, अशी ती तांडेलाची खूण. अजिंक्यनं इंजिन उतरवलं. नाव पाण्यावर नुसती डुलायला लागली.

"अजिंक्य. आपला दिवा कुठला?"

कुणी उत्तर दिलं नाही. अजिंक्यला वाटलं, बाबा परीक्षा घेतायत, लहानपणी घ्यायचे तशी. खाडीच्या तोंडावर परीक्षेलाही बोलायचं नसतं. नाव हळूहळू वाळूकडं सरकत होती.

"परीक्षा नाय घेत," काशीराम म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "मला दिसत नाय. दोन्ही सारखेच दिसतात. सुकाणू घे."

मग अजिंक्य उडी मारून आला, बापाच्या ओल्या हाताखालून त्यानं सुकाणू काढून घेतलं, बाळा इंजिनाशी गेला. भागीरथीनं नाळ डावीकडं वळवली, कितीतरी डावीकडं, काशीरामला वाटलं होतं त्याहून फार. वाळूच्या लाटा उजव्या अंगानं फसफसत मागे गेल्या. तो चालत पुढं गेला आणि नाळेवर बसला, जिथं नवशिके बसतात तिथं. भिकाजीनं मोडका हात त्याच्या पाठीवर टेकवला. प्लास्टर गार होतं.

धक्क्याला दोर बांधून अजिंक्य बापाकडं वळला. मग विचारलं, कधीपासून. काशीरामनं चंचीतली बाटली काढून दाखवली. दिवाळीपासून. अजिंक्यनं ती हातात घेतली, वाचली, परत दिली.

"बाबा, त्या दिवशी बाळा पाण्यात गेला असता, तर त्याच्या बायकोला काय सांगितलं असतं? सुकती जास्त होती?"

काशीरामनं बाटली परत चंचीत लपवली नाही, मुठीत धरली.

शनिवारी पहाटे नावा निघायच्या आधी तो धक्क्यावर गेला. आजपासून वाडीचा दिवा हिरवा, असं त्यानं सगळ्या नावांना सांगितलं. कुणीतरी विचारलं, हिरवा कशाला? सुकती जास्त होती म्हणायचं अजूनही त्याच्या जिभेवर होतं. पण त्यानं सांगितलं की पिवळा दिवा कुठला आणि गुरू कुठला हे त्याला ओळखता आलं नाही, गुरूवर नाळ धरली, म्हणून भिकाजीचा हात मोडला. आता भागीरथीचा तांडेल अजिंक्य. मग भिकाजीच म्हणाला, "माणसाला शनी लागतो, राहू लागतो. आमच्या तांडेलाला गुरू लागला, आणि हात माझा मोडला." लोक हसले. त्या हसण्यात काशीरामला पहिल्यांदा धड श्वास घेता आला. बाळानं जाता जाता त्याच्या पायाला हात लावला. काशीरामला ते नको होतं. पण तो मागे सरला नाही.

दिवसभर तो घरी होता. दिवस मावळायला लागला तसं भय पुन्हा आलं, आणि हे नवंच होतं. काल निदान सुकाणू तरी हातात होतं. आज हातात काहीच नाही. गणपतीच्या मखरातला हिरवा जिलेटीन कागद सावित्रीनं ट्रंकेतून काढून दिला. त्यानं तो बल्बच्या पत्र्याच्या टोपीला दोऱ्यानं बांधला, तीनदा सोडून तीनदा बांधला. सावित्रीनं बटण दाबलं. खळं, खांब, तिचं तोंड, सगळं हिरवं झालं.

"अडतीस वर्षं तू या खांबाशी काय करायचीस गो?" त्यानं विचारलं.

"काय करायचं? भ्यायचं, आणि भाकऱ्या थापायच्या."

ती आत गेली. थोड्या वेळानं भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला, थप, थप, रोजच्यासारखा. रोज तो आवाज असाच येत असणार, तो वाळूजवळ असायचा तेव्हा.

संस्कृती शहरातून एसटीनं आली. दप्तर न ठेवताच त्याच्याशेजारी उभी राहिली. नंबर दुसरा आला होता. ती म्हणाली, "मी सांगितलं, यादीतून काढलं ते बरोबरच. ज्याची वाट मोकळी नाही त्याला ग्रह म्हणू नये. पण आबा, शेवटी मी वहीत नव्हतं ते बोलले. म्हटलं, प्लूटोला बोलता येत असतं तर त्यानं स्वतःच हात वर केला असता. बाई म्हणाल्या, याला पुरावा काय?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आमच्या वाडीत आहे."

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. पाठीमागं टेकडीवरून गुरू वर येत असणार. त्यानं मान वळवली नाही. समोर समुद्र काळवंडत होता. त्याच्या डोळ्यांना तिथं फक्त राखाडी धूर होता, त्यात नावा असतील, नसतील.

"दिसतात का गो?"

"तीन दिवे आहेत, आबा. पुढचा आपला वाटतो." मग तीही थबकली. रिवाज तिलाही ठाऊक होता, जमिनीवरचीसुद्धा पोरं या वेळी गप राहायची. "दांड्याजवळ आलेत आता."

"बोल," तो म्हणाला. "गप नको राहू. काय दिसेल ते सगळं सांग."

"वाळूच्या बाजूला आहेत... अजून तिथंच आहेत..." तिनं त्याचा हात घट्ट धरला. आतला थप थप आवाज थांबला होता. सावित्री दारात येऊन उभी होती, हातांना पीठ. "थांबली, आबा. नाव थांबली."

काशीरामनं डोळे मिटले. खालून इंजिनाची धडधड येत होती, एकसुरी, जागच्या जागी; अजिंक्यही थांबून गड्यांना दिवा विचारत असेल. मग ती बदलली.

"वळली," संस्कृती म्हणाली. "नाळ इकडं आली. सरळ आपल्याकडं."

"बोलत राहा," तो म्हणाला, आणि ती बोलत राहिली.